गावातल्या घरासाठी स्ट्रीमर अन् डॅक: नेट कमी, लाईट बेभरवशाची, काय घ्यावं?

दारव्ह्याकडचा:

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात आमचं गाव, मी गावातच राहतो, शाळेची नोकरी अन् थोडी शेती. घरी बाबांच्या वेळचा इंटिग्रेटेड ॲम्प आहे, मागं ऑक्स, टेप अन् फोनो असे इनपुट, आणि बुकशेल्फ स्पीकरची जोडी, दोन्ही अजून झकास वाजतात. बाबांच्या सीडी दोनशेच्या आसपास आहेत, बहुतेक शास्त्रीय अन् नाट्यगीतं, बाकी तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं. सीडी प्लेअरची लेझर गेली आणि दुरुस्तीवाले म्हणतात पार्ट भेटत नाही, म्हणून आता स्ट्रीमर घ्यायचा विचार करून राहिलो.

बजेट सगळं मिळून २५ हजार, फारच गरज असली तर ३०. घरी ४जी राऊटर आहे, रोजचा दीड जीबीचा पॅक. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलं, आमच्या गल्लीत नाही. लाईट रोज जाते, संध्याकाळी मोटारा सुरू झाल्या की व्होल्टेज पडते. व्हिडिओ पाहून पाहून डोकं भणाणलं, कोणी म्हणतो डॅक वेगळा घ्या, कोणी म्हणतो एकाच डब्यात घ्या, कोणी २४ बिट १९२ किलोहर्ट्झच्या फाईलीशिवाय बोलतच नाही. आणि एक महत्त्वाचं, आईला सकाळी भजन लावता आलं पाहिजे, मोबाईलच्या ॲपमध्ये शोधत बसणं तिला जमत नाही. तर काय घ्यावं, नीट सांगा.

हिंगणघाट_ऐकू:

भाऊ, पहिले दोन डब्यांचं काम वेगळं करून पाहा म्हणजे अर्धा गोंधळ तिथंच मिटतो. स्ट्रीमर फाईल आणतो, नेटवरून असो की घरच्या डिस्कवरून, अन् तिचे आकडे पुढं देतो. डॅक त्या आकड्यांचं व्होल्टेज बनवतो, ते तुमच्या ॲम्पच्या ऑक्समध्ये जाते. व्हिडिओत सगळे डॅकच्या चिपबद्दल बोलतात, पण आज चार-पाच हजारांच्या नीट बनवलेल्या डॅकचा नॉईज अन् डिस्टॉर्शन कानाला कळण्याच्या खाली असते. तुमचा खरा प्रश्न स्ट्रीमरचा आहे, आणि त्याच्याही आधी गाणं येणार कुठून याचा.

हिशोब पाहा. ३२० केबीपीएसचं गाणं तासाला १४४ एमबी खाते. सीडीच्या दर्जाचं लॉसलेस, म्हणजे काही न गाळता दिलेलं १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ, तासाला साधारण ३०० ते ४०० एमबी. २४ बिट १९२ घेतलं तर तासाला दोन जीबीच्या वर, म्हणजे तुमचा दिवसाचा पॅक एका रागातच संपला. ज्या ऑनलाईन गाण्याच्या सर्व्हिसवर सगळे परदेशी रिव्ह्यू उभे असतात त्या टायडल अन् कोबझ भारतात अधिकृतपणे मिळतही नाहीत. ॲपल म्युझिकनं २०२१ पासून लॉसलेस त्याच पैशात दिलं आहे, ते घेता येते, पण ४जीवर संध्याकाळी टॉवरला गर्दी झाली की अडखळणारच.

आणि १९२ घेऊन करायचं काय, हाही प्रश्न आहेच. १६ बिटमध्ये ९६ डेसिबलची रेंज, म्हणजे सगळ्यात हळू अन् सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, मिळते. तुमच्याकडची बरीच रेकॉर्डिंग जुन्या टेपवरून सीडीवर आलेली असणार, त्या टेपची स्वतःची रेंज याच्यापेक्षा कितीतरी कमी. जे टेपवर उतरलंच नाही ते मोठ्या आकड्यानं कुठून येईल?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, दोनशे सीडी हाच तुमचा खजिना समजा. फ्लॅक या लॉसलेस फाईलमध्ये रिप केल्या, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवल्या, तर एक तासाची सीडी साधारण ३०० ते ३५० एमबी, सगळं मिळून ६०-७० जीबी. २५६ जीबीच्या छोट्या एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या चिपच्या डिस्कवर, आरामात मावते, अन् मग नेट असो नसो, घरात गाणं आहे. स्ट्रीमर असा निवडा जो ही डिस्क सरळ वाजवतो, ऑनलाईन सर्व्हिस ही वरची भर.

असे दोन रस्ते दिसतात. एक तयार डबा, वीम कंपनीचा. वीम प्रो किंवा प्रो प्लसमध्ये डॅक आतच आहे, ऑक्समध्ये तार लावली की झालं, शिवाय ऑप्टिकल अन् कोॲक्सियल आऊटपुट आहे म्हणजे पुढं कधी डॅक वेगळा जोडता येते. पण प्रो अन् प्रो प्लसला डिस्क लावायला यूएसबी नाही, फाईली वाजवायच्या तर घरात दुसरं काहीतरी डीएलएनए सर्व्हर म्हणून, म्हणजे वायफायवरून फाईली पुरवायला, सतत चालू पाहिजे. यूएसबी डिस्क सरळ लागते ती वीम अल्ट्राला, त्याची किंमत तुमच्या बजेटमध्ये बसते का ते पाहून घ्या. दुसरा रस्ता रास्पबेरी पाय ४, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्याला एसएसडी अन् एक साधा यूएसबी डॅक. थोडं हातानं करावं लागते, पण तुमच्या परिस्थितीत मी हाच घेईन. कारण पुढं सांगतो, आता शेतात जायचं आहे.

वायरमन_दिग्रस:

भाऊ मी दिग्रसकडं वायरिंगचं काम करतो अन् गाण्याचा लय शौक हाय, म्हणून डब्यापेक्षा लाईटचं सांगतो, कारण गावात मशीन खराब नाई होत, लाईट तिले खराब करते.

पहिले घरातल्या थ्री पिन सॉकेटच्या तिसऱ्या भोकात अर्थिंग खरंच हाय का ते तपासून घ्या. लय घरात भोक असते अन् मागं तारच नसते. ओळखीच्या वायरमनले सांगा, फेज अन् अर्थच्या मधात टेस्ट लॅम्प लावून पाहा म्हणा, बल्ब पूर्ण पेटला पाहिजे. न्यूट्रल अन् अर्थच्या मधात मीटर लावलं तर दोन-तीन व्होल्टच्या वर यायले नाई पाहिजे. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात अर्थिंग मस्त असते अन् उन्हाळ्यात जमीन भेगाळली की गेली, म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ भरलेलं असलं तरी मार्च लागला की पाणी टाकत राहा. माणसाच्या जिवासाठीही हे पाहिजेच, गाणं तर नंतरचं.

सर्ज प्रोटेक्टरची पट्टी घेणार असाल तर तिचं काम अर्थिंगवरच हाय, अर्थ नाई तर पट्टी बिनकामाची. अन् वीज कडाडायले लागली तर पट्टीवर भरोसा ठेवू नका, पिन काढा. वीज फक्त लाईटच्या तारेतून येते असं नाई, डिश टीव्हीच्या केबलमधून येते, बाहेरून भिंतीवरून नेलेल्या लॅन केबलमधूनही येते. स्ट्रीमर वायफायवरच ठेवा, म्हणजे तो रस्ता बंद. गल्लीत फायबर आलं तर काच विजेले नेत नाई, पण तिच्या संगं लोखंडी तार असते अन् घरातल्या डब्याचा अडॅप्टर लाईटवरच असते, तवा तिथंही पिन काढायची सवय ठेवा.

व्होल्टेज कमी झालं त्याची काळजी स्ट्रीमरले नाई, त्याचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालते. त्रास ॲम्पले होते, त्यात मोठा ट्रान्सफॉर्मर असते. अन् कमीपेक्षा जास्तीची भीती मोठी. गावाकडं न्यूट्रल तुटला की घरात ३५०-४०० व्होल्टही येऊ शकते, तवा जे चालू असन ते जाते. त्यासाठी जास्त व्होल्टेजले लाईन कापणारं ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मेन बोर्डात बसवून घ्या, स्टॅबिलायझरच्या आधी हे. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असन तर ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर घूं करन, गाण्यासाठी प्युअर साईनचाच चांगला.

सतारीची_तार:

वायरमन दादांनी जे सांगितलं ते कुठल्याच रिव्ह्यूत नसतं आणि आपल्याकडं तेच सगळ्यात आधी लागतं. दादा, मी आर्वीची, आमच्याकडंही घरभर शास्त्रीयच, त्यामुळे रिपिंगबद्दल सविस्तर सांगते, कारण दोनशे सीडींचं काम एकदाच आणि नीट झालं पाहिजे.

लॅपटॉपवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका, सिक्युअर मोडमध्ये चालवा, ते खराब भाग पुन्हा पुन्हा वाचतं. ॲक्युरेटरिप नावाची सोय त्यात आहे, तुमची रिप जगातल्या इतरांच्या रिपशी ताडून पाहते. पण मराठी भजनांच्या, छोट्या कंपन्यांच्या सीडी त्या यादीत बऱ्याचदा सापडत नाहीत, मग टेस्ट अँड कॉपी वापरायचं, ते एकच ट्रॅक दोनदा वाचतं, दोन्ही वेळचा सीआरसी म्हणजे पडताळणीचा आकडा सारखा आला की रिप बरोबर. सीडी पुसायची ती मधून कडेकडं सरळ, गोल गोल कधीच नाही, कारण गोल ओरखडा डेटाच्या दिशेनंच जातो आणि तो ड्राईव्हला भरून काढता येत नाही.

दुसरं गॅपलेसचं, म्हणजे दोन ट्रॅकच्या मधे खंड न पडता वाजण्याचं. शास्त्रीयच्या सीडीत आलाप एका ट्रॅकवर आणि विलंबित पुढच्या ट्रॅकवर असतं, मधे तानपुरा चालूच असतो. स्ट्रीमर गॅपलेस नसला तर नेमका तिथं अर्धा सेकंद तानपुरा तुटतो आणि तयार झालेला सूर मोडतो, मला तर ते सहनच होत नाही. मोबाईलवरून डीएलएनएनं पाठवताना हे हमखास होतं, कारण मोबाईल एकेक फाईल वेगळी देतो. रास्पबेरी पायवर लिरियन म्युझिक सर्व्हर हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर टाकलं, जुन्या लोकांना ते स्क्वीझबॉक्सचा सर्व्हर म्हणून माहीत असेल, तर गॅपलेस अगदी व्यवस्थित चालतं. काहीही घ्या, आधी हे तपासा, दुकानदाराला वसंतराव देशपांड्यांच्या मैफलीतले लागोपाठचे दोन ट्रॅक लावून दाखवा म्हणावं. आपल्या मूर्तिजापूरचेच ते, त्यांची तान मधेच कापणारं यंत्र घरात कशाला आणायचं.

टॅग, म्हणजे फाईलवर गायक-गाण्याची नावं, लिहिताना एमपी३टॅग हे सॉफ्टवेअर वापरा, नाव एमपी३ असलं तरी फ्लॅकला चालतं. आधीच ठरवून घ्या की गायकाचं नाव देवनागरीत लिहिणार की रोमनमध्ये, आणि शेवटपर्यंत तेच ठेवा, नाहीतर एकच गायक यादीत तीन ठिकाणी दिसतो. राग, ताल, साथीला कोण, हे कॉमेंटच्या रकान्यात लिहून ठेवा, सीडीच्या कव्हरावरची बारीक अक्षरं पुढं वाचायला कोणी नसेल. कव्हरचे फोटोही त्याच वेळी काढून घ्या. आणि सगळं झालं की दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ती दुसऱ्या घरी ठेवा.

नागपूर_ऑडिओ:

हिंगणघाट भाऊंशी एका मुद्द्यावर माझं जुळत नाही. डॅक सगळे सारखेच असं म्हणणं बरोबर नाही. माझ्याकडे आधी साधा डेल्टा-सिग्मा पद्धतीच्या चिपचा डॅक होता, नंतर आर२आर, म्हणजे रेझिस्टरच्या शिडीवर चालणारा, घेतला, तंबोरा अन् सारंगी लगेच वेगळी वाटली, जास्त भरलेली, जास्त जवळची. आकडे सगळं सांगत नाहीत. दारव्हा भाऊंनी ३० हजारांतले १५ तरी डॅकला द्यावेत असं मला मनापासून वाटतं, पुन्हा पुन्हा खरेदी होत नाही.

हिंगणघाट_ऐकू:

दादा, तुम्ही जे ऐकलं ते ऐकलंच असणार, त्यावर वाद नाही. फक्त एक करून पाहा, दोन्ही डॅकचा आवाज सारखा करून. एकाचा आऊटपुट २ व्होल्ट अन् दुसऱ्याचा २.५ असला तर जवळपास २ डेसिबलचा फरक पडते, अन् कानाला तो मोठा आवाज म्हणून कळत नाही, भरलेला, जवळचा असाच कळते. १०० हर्ट्झचा टोन लावा, मल्टिमीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा, दोन्ही डॅकला आकडा एकच येईपर्यंत व्होल्यूम जुळवा, साधं मीटर जास्त फ्रिक्वेन्सीला नीट मोजत नाही म्हणून १०० हर्ट्झ. मग घरातल्या कोणाला तरी तारा बदलायला सांगा, तुम्हाला न सांगता. तरीही ओळखता आला तर तो डॅक तुमच्यासाठी पैशाचा आहे. काही आर२आर मुद्दाम वरची फ्रिक्वेन्सी थोडी उतरती ठेवतात, तो फरक खरा असतो अन् काही जणांना आवडतोही.

पण दारव्हा भाऊंच्या ३० हजारांत १५ डॅकला गेले तर प्रोटेक्टर, एसएसडी, अर्थिंग यातलं काहीतरी राहणार, अन् गावात तेच राहिलं तर डॅक दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही.

आता पाय का ते सांगतो. पायवर पिकोअरप्लेअर नावाची सिस्टिम टाका. ती सुरू झाली की पूर्ण रॅममध्ये चालते, एसडी कार्डवर सारखं लिहीत नाही. लाईट रोज जाते तिथं साध्या सिस्टिमचं कार्ड कधी ना कधी करप्ट होते, हिचं तसं होत नाही. लाईट आली की आपोआप सुरू होते, कोणी काही दाबायची गरज नाही. पिकोअरप्लेअरमध्येच लिरियन सर्व्हरही चालते, म्हणजे एसएसडी, सर्व्हर अन् प्लेअर एकाच डबीत, नेटशिवाय.

आईचं काम यानंच सोपं होते. लिरियनमध्ये अलार्म आहे, रोज पहाटे साडेपाचला भजनांची यादी लावून ठेवा, त्यांनी फक्त ॲम्प सुरू करायचा अन् नॉब फिरवायचा. यात एक अडचण आहे ती आधीच सांगतो. पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही, लाईट जाऊन आली की तो वेळ नेटवरून घेतो. तेव्हाच ४जी बंद असलं तर वेळ चुकते अन् भजन भलत्याच वेळी लागते. डीएस३२३१ नावाचं छोटं घड्याळ मॉड्यूल येते, दोन-चारशे रुपयांत, बटन सेलवर चालते, ते पायच्या पिनांवर बसवून घ्या.

डिस्क एसएसडीच घ्या, फिरणारी हार्ड डिस्क नको. बऱ्याच पोर्टेबल हार्ड डिस्कना कंपनीनं दिलेली मर्यादा ३५ अंशांची असते, आपल्याकडं मे महिन्यात खोलीतच ४० च्या वर असते. एसएसडी साधारण ७० पर्यंत चालते. पाय ४ चे चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअर देतात, एसएसडी अन् यूएसबीवरच चालणारा छोटा डॅक त्यात बसतात.

दारव्ह्याकडचा:

बाप्पा, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. अर्थिंग उद्याच तपासून घेतो, तिसऱ्या भोकात तार आहे की नाही हे मला खरंच माहीत नाही. पाय, एसएसडी अन् घड्याळाचं मॉड्यूल नागपूरहून मागवतो. नागपूर भाऊ, तुमचं म्हणणं मनात ठेवतो, मीटरनं जुळवून ऐकायला कधी तुमच्याकडं आलो तर चालेल का?

तीन गोष्टी राहिल्या. पायलाच हेडफोनचं भोक आहे, त्यातून सरळ ऑक्समध्ये दिलं तर डॅकचे पैसे वाचतात का? मोबाईलला हेडफोनसाठी लावायचा छोटा डोंगल डॅक म्हणून चालतो का? आणि टीव्हीचा डिश बॉक्स त्याच ॲम्पला जोडला आहे, तेव्हा हलकी घरघर येते, ती नव्या सामानातही येईल का?

नागपूर_ऑडिओ:

या ना भाऊ, कधीही या, आणि सीडी घेऊन या. मीटर मी आणतो, हिंगणघाट भाऊंच्या पद्धतीनंच ऐकू.

हिंगणघाट_ऐकू:

पायच्या हेडफोनच्या भोकातला आवाज खरंच कमी दर्जाचा आहे, तिथं फरक कोणालाही कळते, त्यामुळे डॅक घ्याच. डोंगल चालते. ॲपलचा डोंगल १ व्होल्टच्या आसपास देतो, बाकी डॅक २ व्होल्ट, म्हणजे नॉब थोडा जास्त फिरवावा लागेल एवढंच. ॲन्ड्रॉइड मोबाईलवर त्या डोंगलचा आवाज फार कमी राहतो ही जुनी तक्रार आहे, पायवर अल्सा मिक्सर या व्होल्यूमच्या सेटिंगमधून तो पूर्ण वाढवता येते. मी म्हणेन टॉपिंग किंवा एसएमएसएल कंपनीचा सगळ्यात लहान टेबलवरचा डॅक घ्या, मागं आरसीएचे पक्के सॉकेट असतात, मुलं तारेला अडकली तरी निघत नाही. त्यात ऑप्टिकल इनपुटही असला तर चांगलं.

वायरमन_दिग्रस:

घरघर डिश बॉक्समुळंच असन. छतावरची छत्री, केबल, बॉक्स, ॲम्प, असा अर्थचा फेरा होते. बॉक्सची छत्रीची केबल काढून पाहा, घरघर गेली तर तेच. मग बॉक्स किंवा टीव्हीले ऑप्टिकल आऊट असन तर तो डॅकच्या ऑप्टिकलमधून घ्या, प्लॅस्टिकच्या तारेतून अर्थ जात नाई, घरघर बंद. पण घरघर थांबवायसाठी ॲम्पची अर्थ पिन तोडून टाकू नका, काही जण सांगतात तसं, करंट लागन कोणाले तरी.

सतारीची_तार:

आणि जोडताना दादा, डॅकची तार ऑक्स किंवा टेप-इनमध्येच लावा, फोनोत नाही. फोनो इनपुट रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टसाठी असतो आणि वर बास वाढवून ट्रेबल कापतो, त्यात २ व्होल्ट गेले की आवाज फाटतो आणि स्पीकरला धोका. लिरियनमधला व्होल्यूम फिक्स्ड १०० वर ठेवा, कमीजास्त ॲम्पच्या नॉबवर करा. रिप करायला भजनांच्या सीडींपासून सुरुवात करा, आईंची सोय आधी होईल, शास्त्रीयचं काम सावकाश चालू द्या. एमपी३टॅगमध्ये रागांची नावं भरताना अडलं तर इथंच विचारा, माझी यादी तयार आहे, पाठवते.